तुम्ही विचारलंत म्हणून: दुधातले काळे तीळ

आमच्याकडे सकाळी येणाऱ्याला बरेचदा चहाऐवजी राखाडी रंगाचं दूध मिळतं. अर्धा पेला संपला की ठरलेला प्रश्न येतो: काकू, हे कशाचं, आणि घरच्या मिक्सरवर होतं का? आमच्याकडे तर नुसता कूट होतो.

होतं की. दुधात कालवलेली असते ती काळ्या तिळाची गोड पेस्ट. तिला लागतात २०० ग्रॅम काळे तीळ, ८० ग्रॅम गुळाची पावडर, चिमूटभर मीठ, हवी तर वेलची. इथे नाशिकच्या रविवार कारंज्यावर किराणा घेताना तीळ नवे आहेत ना, एवढं चावून बघा. खवट निघाले तर पुढचं सगळं वाया. घरी धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर कचकच लागते.

खरी परीक्षा भाजण्यात. काळ्या तिळाचा रंग बदललेला दिसत नाही, म्हणून कढईत चमचाभर पांढरे तीळही टाकायचे. ते जरासे पिवळसर झाले की लगेच ताटात काढा. काळ्या तिळाला सालामुळे मुळातच थोडा कडवटपणा असतो. जास्त भाजलेत तर तो गुळालाही झाकता येत नाही.

कोमट असतानाच चटणीच्या भांड्यात घाला. अर्धा मिनिट फिरवा, थांबा, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. आधी कूट होतो, मग गोळे धरतात, आणि बहुतेक लोक इथेच हात टेकतात. तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं, त्याला सुटायला वेळ द्या. अगदीच अडलं तर चमचाभर घाण्याचं तिळाचं तेल घाला. पाणी किंवा दूध मात्र थेंबभरही नको: पेस्ट सैल व्हायची सोडून दगडासारखी आवळते, आणि टिकतही नाही.

म्हणूनच गूळ शेवटी, तोही कोरडा. किसलेल्या मऊ गुळात ओल असते. पेस्ट वाहती झाल्यावर पावडर आणि मीठ घालून दोनदा फिरवलं की झालं. साखरही चालते, पण काळ्या तिळाला गुळाचीच संगत बरी, असं माझं ठाम मत आहे.

द्राक्षांच्या गावात राहता, मग बेदाणे का नाही घालत, असंही विचारतात. घालते, पण बरणीत नाही. बेदाण्यातही ओल असतेच. तुर्कस्तानात तिळाची पेस्ट आणि द्राक्षाचा रस आटवून केलेली काकवी न्याहारीला ब्रेडबरोबर खातात. ते लोकही दोन्ही वेगवेगळं ठेवून ताटलीतच कालवतात. मी निफाडकडचे बेदाणे भिजवून, वाटून, नागलीच्या गरम भाकरीवर ही पेस्ट लावली की वर पसरते. दह्यात किंवा ओट्समध्येही छान लागते. पोळीच्या डब्यात देऊ नका. तेल उतरतं आणि वहीचा कागद पारदर्शक होतो.

दुधातही पेस्ट आयत्या वेळीच कालवायची. पेल्यात दोन चमचे पेस्ट घ्या आणि आधी चमचाभरच कोमट दूध घाला. ती एकदम घट्ट होईल, घाबरू नका. आणखी चमचा, मग आणखी एक, असं करत गेलात की मलईसारखी सैल होते. मग उरलेलं दूध ओता. सगळं दूध एकदम ओतलंत तर गुठळ्या. उकळतं दूधही नको, गुळाने फाटू शकतं.

बरणी कोरडी, चमचा कोरडा. तेल वर येतं. ते ओतून न टाकता तळापासून ढवळून घ्यायचं. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा. आणि हो, उन्हाळ्यात तीळ उष्ण पडतात म्हणून सासूबाई मला एप्रिल-मेमध्ये करू देत नाहीत, तेव्हा त्या दिवसांत आलात तर चहाच मिळेल.