काळा की हिरा?

लेक सातव्या महिन्यात पुण्याहून माहेरी आली, तेव्हा तिच्या बॅगेत करंगळीएवढी एक तपकिरी बाटली निघाली आणि सोबत कांद्याच्या आकाराचं पांढरं यंत्र. डिफ्यूझर म्हणे. पाण्यात चार थेंब टाकायचे, बटण दाबायचं, की मन शांत. आमच्याकडे दुपारची लाइट जाते, त्यामुळे शांती फक्त रात्रीची.

"कसलं तेल आहे गं?"

"मर."

पोटुशी पोरगी आणि तोंडात हे शब्द! "नाव आहे ते, आई," म्हणून ती हसायला लागली. मी झाकण उघडून हुंगलं आणि थेट आजीच्या बाळंतिणीच्या खोलीत जाऊन पडले. हा तर बोळ. हिराबोळ.

मी दहा वर्षांची असेन. काकू बाळंत झाली होती आणि आजीनं मला परतवाड्याच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात पिटाळलं होतं. दुकानदारानं विचारलं, "काळा की हिरा?" हिरा म्हणजे महागाचा, असं समजून पैसे वाचवायला मी काळा मागितला. घरी आल्यावर आजीनं पुडी उघडली, काळाभोर काचेसारखा तुकडा उजेडात धरला आणि कपाळावर हात मारला.

"हा त काया बोय होय ना व माय! बाईले ताकद द्याची हाय का जुलाब?"

काळा बोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, चांगलाच रेचक. हिराबोळ वेगळाच. सोमालिया, इथिओपिया, अरबस्तानातल्या काटेरी झुडपाच्या सालीला चीर दिली की जो चीक पाझरतो, तो सुकून झालेले हे लालसर खडे. नाव एक, वाण दोन. माझ्यासारखे फसतात ते त्यामुळेच.

मला पुन्हा पाठवलं. हिरा आणला, तेव्हा आजीनं सहाणेवर पाण्याचा थेंब टाकून खडा उगाळला. पाणी दुधासारखं पांढरट झालं. मग मुगाएवढी गोळी, भोवती गुळाचं जाड अस्तर, आणि काकूनं डोळे मिटून गिळली. उरलेला चुरा मी बोटानं चाटून पाहिला. संध्याकाळपर्यंत जीभ कडूच. अरबीत याला 'मुर्र' म्हणतात, म्हणजे कडूच. लेकीचं 'मर' त्याच नात्यातलं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

खोलीत शेगडीवर मेळघाटाकडून आलेला सालईचा डिंक धुमसत असे. सालई, गुग्गुळ, बोळ ही सगळी एकाच कुळातली झाडं, बायबलातल्या ऊदाचं झाडसुद्धा त्यातलंच. बायबलात पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूसाठी सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन येतात. हा गंधरस म्हणजे बोळ. आजीला ही गोष्ट कुणी सांगितली असती, तर ती म्हणाली असती, "सोनं राहू द्या, बाकीचं बरोबर आनलं."

बाटलीतलं तेल वाफेवर काढतात. उडून जाणारा तेवढा भाग त्यात उतरतो, डिंक आणि राळ भांड्यातच राहतात. म्हणजे लेकीच्या बाटलीत आजीच्या गोळीचा फक्त वास आहे. पण तेवढ्या वासावर सुरकुत्यांची क्रीमं, साबण, मेणबत्त्या सगळं विकलं जातं. हिरड्या सुजल्या तर बोळाच्या अर्कानं गुळण्या करायची रीत मात्र युरोपातही जुनी आहे, आणि ती मला पटते. १९९६ साली इटलीतल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये छापलं होतं, की बोळातल्या काही द्रव्यांनी उंदरांच्या वेदना कमी झाल्या. उंदरांच्या, एवढं लक्षात ठेवायचं.

चष्मा लावून बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. गर्भवतींनी वापरू नये. पोटात घेऊ नये. आजीचीही तीच शिस्त होती. पोर बाहेर आल्याशिवाय ती बोळाची डबी उघडत नसे. नऊ महिन्यांच्या बाईला त्या डबीच्या जवळही फिरकू देत नसे, कारण बोळानं गर्भाशय आकुंचन पावतं, हे तिला कुणा कागदानं सांगितलं नव्हतं. मी बाटली उचलून कपाटात वर ठेवली. लेक कुरकुरली.

"तीन महिने थांब."

"मग गोळीही देशील का?"

"ते डॉक्टरबाईंना विचारू." आजीनं हे ऐकलं असतं तर पदर सावरत माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं.

काल परतवाड्याला गेले होते. दुकान तेच, गल्ल्यावर आता नातू बसतो. बोळ मागितला, तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "काळा की हिरा?"

"हिरा."

घरी येऊन सहाण शोधली, धूळ पुसली, थेंबभर पाण्यात खडा फिरवला. लेक मांडी घालून समोर बसली होती, नाकाला ओढणी लावून. पाणी हळूहळू पांढरं होत गेलं.