लाइन गेली की नागपूर लागतं

विदर्भात वीज जात नाही, लाइन जाते. भर दुपारी लाइन गेली की पंखा थांबायच्या आत आणखी एक गोष्ट होते. ओसरीवरच्या कोनाड्यात सकाळपासून कढईतल्या भज्यासारखा चुरचुरणारा सेलवरचा रेडिओ एकदम मोकळ्या गळ्याने बोलायला लागतो. पंख्याची पाती अजून फिरत असतात आणि इकडे नागपूर लागलेलं असतं.

यात आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचं काही कर्तृत्व नाही. ते सकाळपासून तिथेच होतं, ५८५ किलोहर्ट्झवर. बोंब होती ती घरातल्या नऊ वॅटच्या एलईडी बल्बची, मोबाइलच्या चार्जरची, डिशच्या डब्याची. ही मंडळी आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतात आणि जोडतात. ती चुरचुर अडवणारी कॉइल नि कपॅसिटर स्वस्तातल्या मालात गाळलेले असतात. मग घरातलं वायरिंगच अँटेना होतं आणि सगळा कचरा मिडियम वेव्हवर, म्हणजे नागपूरच्याच पट्ट्यात, येऊन पडतो. जुन्या पिवळ्या बल्बला हा रोग नव्हता. दोष आपल्या घरात आहे की शेजारी, हे पाहायचं तर मेन स्विच पाडावा. तरीही चुरचुर राहिली तर शेजारी. मग रेडिओ जागच्या जागी हळूहळू फिरवावा. आत फेराइटची काळी कांडी आडवी बसवलेली असते. तिच्या कुशीवर आलेलं तिला ऐकू येतं, टोकावर आलेलं येत नाही. टोक चुरचुरीकडे केलं की ती बसते. नागपूर त्याच रेषेत असलं तर मात्र दोन्ही जातात, आणि मग बल्ब बदलणं आलं.

अशा रेडिओच्या काचेवर एक ठिपका असतो. नेलपॉलिशचा, नाहीतर पानवाल्याच्या चुन्याचा. काचेवर गावांची नावं कितीही छापलेली असोत, काटा त्या ठिपक्यावर. डायलचा दोरा तुटला की बाजाराच्या दिवशी मेकॅनिककडे जायचं. तो नव्या दोऱ्याचे बटणाच्या दांडीला तीन वेढे देतो, मोठ्या चाकातल्या स्प्रिंगला ताण देऊन गाठ मारतो. वेढे दोनच पडले तर दोरा घसरतो, बटण फिरतं आणि काटा ढिम्म राहतो. स्प्रिंगला ताण जास्त झाला तर महिन्याभरात पुन्हा तुटतो. काटा मात्र तो सगळ्यात शेवटी अडकवतो. आधी कानाने नागपूर लावायचं, मग काटा नेऊन ठिपक्यावर बसवायचा. म्हणजे छापलेले आकडे खोटे ठरले तरी चालतील, ठिपका खोटा पडता कामा नये. मला तर हे अगदी योग्य वाटतं.

त्या ठिपक्याखाली मालक किती बदलले! देशात रेडिओ आला तो कंपनीचा. १९२७ साली मुंबईला सुरू झालेली ती कंपनी १९३० मध्ये बुडाली. वर्षाला १० रुपयांचा परवाना काढणारे पुरेसे लोकच मिळेनात. मग सरकारने ते गाडं आपल्या अंगावर घेतलं. १९३६ मध्ये त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. नागपूरचं केंद्र १६ जुलै १९४८ चं. तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी, म्हणून हिंदी आणि मराठी दोन्ही भाषा एकाच माइकवर. १९५६ साली राजधानी गेली, नागपूर मुंबई राज्यात आलं. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. केंद्र हललं नाही, राज्यंच त्याच्या अंगावरून सरकत गेली. पुढे २३ नोव्हेंबर १९९७ ला प्रसार भारती आली आणि सरकारचं खातं महामंडळाचं झालं. ओसरीवर याचा कुणाला पत्ता लागला असेल असं वाटत नाही.

याच तारखेचा आणखी एक योग आहे. २३ नोव्हेंबर १९७८ ला जिनिव्हाच्या करारानुसार मिडियम वेव्हची सगळी वाटणी नव्याने झाली. अमेरिका खंड सोडून बाकी जगात केंद्रांमधलं अंतर नऊ-नऊ किलोहर्ट्झचं ठरलं आणि प्रत्येक केंद्राला नऊच्या पटीतला आकडा मिळाला. त्यामुळे रिकामा वेळ असलेल्या माणसाला एक चाळा मिळाला. आकड्यातल्या अंकांची बेरीज करत जायची, ती नऊच्या पटीतच येते. नागपूर ५८५, बेरीज १८. पुणे ७९२, बेरीज १८. जळगाव ९६३, पुन्हा १८. परभणी १३०५ ची नऊ. नऊच्या पाढ्यात न बसणारं केंद्र मिडियम वेव्हवर ऐकू आलं तर ते खूप लांबचं, नाहीतर आपलं ऐकण्यात चुकलं.

ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, व्हॉल्व्हच्या रेडिओचं मालकांशी नाही, जमिनीशी नातं होतं. त्याच्या मागच्या बाजूला दोन भोकं, एक एरियलचं आणि एक अर्थचं. एरियल म्हणजे तांब्याच्या तारेची विणलेली बोटभर रुंद पट्टी, दोन भिंतींच्या खिळ्यांना ताणलेली. अर्थची तार खिडकीतून अंगणात जायची. तिथे हातभर खोल खड्डा, त्यात कोळसा नि खडेमीठ, मधोमध लोखंडी नळी. पावसाळा-हिवाळा बरा जायचा. पण वऱ्हाडातली काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते आणि आकसत नळीपासून सुटते. माती सुटली की अर्थ सुटला आणि रेडिओ घुमायला लागला. मग घरातलं एखादं पोर बादली देऊन बाहेर पिटाळलं जायचं. आतून आवाज यायचा, "ओत!" पोर ओतायचं. भेगेतून पाणी गुडगुडत खाली जायचं, तापल्या मातीचा वास यायचा, कोळशाचा एखादा तुकडा वर तरंगायचा. "आलं का जी?" "थांब... आलं!" दोन दिवसांनी पुन्हा तेच. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असताना रेडिओला बादलीभर पाणी पाजणं हे आजीला कधी पटलं नाही. त्या पाण्यात निदान मिरचीचं रोप तरी लावा, असं तिचं म्हणणं असायचं. खड्ड्यात मीठ होतं म्हणून, नाहीतर तिने लावलंही असतं.

या रेडिओला परवाना लागायचा. पोस्टात पुस्तक, दरवर्षी पैसे भरायचे. पोस्टमन दारात आला की आवाज बारीक करायची रीत होती, परवाना असलेल्या घरातसुद्धा. पुढे ऐंशीच्या दशकात परवाने रद्द झाले. परवान्याच्या काळात ऐकणाऱ्याच्या खिशातून पैसे येत होते. आता ऐकणाऱ्याचे कान विकून येतात. त्याची सुरुवातही आपल्याकडची, १ नोव्हेंबर १९६७ ची. त्या दिवशी विविध भारतीवर पहिल्यांदा जाहिराती लागल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणी. मागासलेला विदर्भ म्हणतात, पण साबण-टॉनिकच्या जाहिराती ऐकण्यात आपण दिल्लीच्याही पुढे होतो.

एफएम आलं तसा ठिपका गेला. यवतमाळ १०२.७, चंद्रपूर १०३. आकड्यात दशांश चिन्ह आलं आणि आवाजातली चुरचुर गेली. एफएमला मातीशी देणंघेणं नाही, उंचीशी आहे. ते जवळजवळ सरळ रेषेत चालतं. शंभर मीटरच्या मनोऱ्यावरून साधारण पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, मधे टेकडी आली की तिथेच खलास. एरियल हवा पाव लहरीचा, म्हणजे लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाचा. १०२.७ ला लहर २ मीटर ९२ सेंटिमीटरची, म्हणून तार ७३ सेंटिमीटर. रेडिओची काडी मोडली असेल तर विजेच्या साध्या वायरीचा एवढा तुकडा काडीच्या बुडाला पिळून उभा बांधावा. दोन मीटर बांधली म्हणजे जास्त ऐकू येईल हा गैरसमज. मोबाइलवर इअरफोन लावल्याशिवाय रेडिओ लागत नाही तो याचसाठी, त्याची वायर हीच काडी असते.

मिडियम वेव्हवर दोन केंद्रं एकाच आकड्यावर आली की दोघंही बोलतात, वर शिट्टी वाजते. भाऊबंदकीच म्हणा. एफएमवर ज्याचा जोर तोच बोलतो, दुसरा पुसला जातो. कोल्हापूरही १०२.७ वरच आहे, पण ५०० किलोमीटरच्या पलीकडून त्याचा यवतमाळला त्रास नाही.

२००५ च्या धोरणानंतर खासगी वाहिन्या शहरात आल्या आणि त्यांच्या मनोऱ्यांच्या आवाक्यात आजूबाजूची गावंही आली. कळमेश्वरच्या संत्र्याच्या बगिच्यात फवारणी चाललेली असते आणि खिशातला मोबाइल सांगत असतो की नागपुरात बर्डीवर गाड्यांची रांग लागली आहे, दुसऱ्या रस्त्याने जा. गडी ऐकतो नि पंप मारत राहतो. स्वतःच्या बातम्या द्यायची या वाहिन्यांना मुभा नाही. आकाशवाणीच्या आहेत तशा लावता येतात, पण गाणी सोडून तेवढं कोण करतो? एकच कार्यक्रम आपल्या अनेक केंद्रांवर लावायचीही परवानगी आहे. म्हणून निवेदक आपल्या गावाला "हॅलो" म्हणतो तेव्हा तो नेमका कुठल्या गावात बसलाय ते विचारू नये.

उरला सामुदायिक रेडिओ. २००६ च्या धोरणाने संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना त्याचं दार उघडलं. ट्रान्समीटर ५० वॅटचा, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढा, आणि मनोरा जास्तीत जास्त ३० मीटर. दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत तो चोख ऐकू येतो. इथे मालक कोण हा वाद क्वचितच. वाद पाण्याचा. पहिल्याच मिरगाच्या पावसात मनोऱ्यावरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं आणि केबलच्या जाळीतून खाली झिरपत येतं. मीटरवर अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे परतणारी शक्ती दोन वॅटपर्यंत असली तर ठीक, पाच-सहाला गेली की यंत्र स्वतःला वाचवायला आवाका कमी करतं. गावकरी म्हणतात रेडिओ कमजोर झाला. उपाय साधा आहे. कनेक्टरवर रबरी चिकटपट्टी ताणून अर्धी-अर्धी चढवत गुंडाळायची, खालून वर, म्हणजे कौलांसारखी. आणि केबल खोलीत शिरायच्या आधी एक झोळ देऊन खाली सोडायची, पाणी तिथेच टपकून जातं. हे दुसऱ्या पावसाळ्यानंतर सगळ्यांनाच येतं.

५० वॅटवरून आठवलं. याच नागपुरात १५६६ किलोहर्ट्झवर १,००० किलोवॅटचा ट्रान्समीटर उभा राहिला. १८ मे १९८८ पासून राष्ट्रीय वाहिनी त्यावर रात्रभर चालायची. अंधार पडला की मिडियम वेव्ह आभाळावर आपटून परत येते, म्हणून ती काश्मिरातही लागायची आणि युरोपातले हौशी लोक ती पकडून वहीत नोंद करायचे. २०१८ च्या डिसेंबरात वाहिनी गुंडाळायचा हुकूम निघाला. रात्री वावर राखायला जागलीवर बसलेल्या माणसाला तेवढीच रात्रीची सोबत होती.

जागलीवर आता सोबत आहे ती टिकटिकीची. डुकरं नि रोही, म्हणजे नीलगायी, वावरात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेला सोलरचं झटका मशीन लावतात. ते सेकंदाला साधारण एकदा काही हजार व्होल्टचा ठोका देतं, क्षणभरच. जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. तारेला कुठे ओलं गवत टेकलं की तिथे ठिणगी उडते आणि मिडियम वेव्हवर टिक् ऐकू येतं. जाणकार शेतकरी याचाच उपयोग करतो. छोटा रेडिओ डायलवर स्टेशन नसलेल्या जागी लावून धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, चालत जायचं. जिथे टिक् सगळ्यात मोठं, तिथे गवत कापायचं, फुटका इन्सुलेटर बदलायचा. अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत होतं.

लाइन गेल्यावर या दुपारी एवढंच ऐकू येतं. नागपूर, आणि त्याच्या मागे दूरच्या वावरातली ती टिकटिक. सोलरवर असल्यामुळे तिला लाइनचं सोयरसुतक नाही. पण काही जण मशीनचा खर्च वाचवायला कुंपणाची तार थेट विजेच्या खांबाला जोडतात. ती तार टिक् करत नाही. रेडिओ घेऊन तिच्या बाजूने कितीही चाललं तरी काही कळत नाही. डुक्कर चिकटतं, वाघ चिकटतो, सकाळी पाणी द्यायला निघालेला शेजारी चिकटतो.

लाइन आली. पंखा फिरला, नागपूर पुन्हा कढईत पडलं, हवामानाचा अंदाज अर्धाच राहिला. कुठल्याशा धुऱ्यावरची ती न वाजणारी तारही आत्ता जिवंत झाली असेल.