तुम्ही विचारलेत म्हणून : परतीची वेळ

‘नोकरी आहे, घर आहे, दोन लहान मुले आहेत, तरी डोंगर, तंबू, प्रवास आणि दुर्बीण हे सगळे तुम्हाला जमते तरी कसे? घरून कुणी काही म्हणत नाही का?’ हा प्रश्न मला जुनी ओळखीची माणसे विचारतात, नव्याने भेटलेलीही विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात पुष्कळदा थोडी असूया असते. मी पहाटे उठण्याबद्दल किंवा वेळेच्या नियोजनाबद्दल चार युक्तीच्या गोष्टी सांगाव्यात, अशी त्यांची अपेक्षा असते. बरीच वर्षे मी तसेच काहीतरी सांगत आलो, पण ते उत्तर खरे नव्हते. संसारी माणसाचा मोकळा रविवार आभाळातून पडत नाही. तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी रविवारातून कापून घेतलेला असतो. हे मला उशिरा उमगले, आणि तेही एका फजितीनंतर.

मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. मोठ्या खंडानंतर मी एकटाच एका डोंगरावर निघालो होतो. आदल्या रात्री नकाशावर दोरा ठेवून वाट मोजली, ती जाऊन-येऊन 18 किलोमीटर भरली. ताशी 5 किलोमीटरच्या हिशेबाने तीन तास छत्तीस मिनिटे, वर पाऊण-एक तास विश्रांतीचा. म्हणजे सकाळी सातला चालू लागलो तर साडेअकराच्या सुमारास गाडीपाशी आणि फार तर एकपर्यंत घरी, असे मी बायकोला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. या हिशेबात चढ धरलेलाच नव्हता. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जितक्या जवळ तितका चढ उभा; त्या एकमेकींना चिकटून बसलेल्या मला दिसत होत्या, पण दोऱ्याला दम लागत नाही.

लाजिरवाणी गोष्ट अशी, की चढाचा हिशेब कसा करायचा हे मला ठाऊक होते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली घालून दिलेला आडाखा डोंगरात फिरणाऱ्या बहुतेकांना पाठ असतो : सपाटीवर तासाला सुमारे 5 किलोमीटर आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. माझ्या वाटेवर 1,100 मीटरचा चढ होता, म्हणजे जवळजवळ दोन तास मी हिशेबातून सरळ गाळले होते. हा आडाखासुद्धा धडधाकट माणसासाठी आणि चांगल्या वाटेसाठी आहे; त्यात विश्रांती नाही, चिखल नाही, वाट चुकणे नाही. पण घरातून लवकर सुटका व्हावी म्हणून माणूस गणितही सोयीचे मांडतो. उतरताना एका फाट्यावर मी चुकीच्या बाजूला वळलो, ते कळून मागे येईपर्यंत दीड तास गेला, गुडघे बोलू लागले, मोबाइलला रेंज नव्हती, आणि मी घरी पोहोचलो तेव्हा पाच वाजले होते.

बायको रागावली नाही. तिने मूल माझ्या हातात दिले आणि आत जाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एकच प्रश्न विचारला : “काल तीन वाजता मी फोन कुणाला करायला हवा होता, आणि तू कुठे आहेस म्हणून सांगायला हवं होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी डोंगराचे नाव सांगून गेलो होतो, पण त्याला चार बाजूंनी चार वाटा आहेत आणि त्यांपैकी कोणतीही माझी असू शकली असती. ती घरी बसून चार तास काय करत होती, याचा विचार मी तोपर्यंत केला नव्हता. मी चालत होतो, निदान मला काही काम होते. तिच्याकडे रडणारे मूल आणि घड्याळ एवढेच होते.

त्यानंतर आमच्या फ्रिजवर एक कागद लागू लागला. त्यावर चार ओळी असतात : कुठे जाणार, कोणत्या वाटेने चढणार आणि उतरणार, किती वाजता जिथे असू तिथून मागे फिरणार, आणि किती वाजेपर्यंत काहीच कळले नाही तर कुणाला कळवायचे. चौथ्या ओळीला आमच्या घरात ‘काळजीची वेळ’ म्हणतात. ती परतीच्या वेळेनंतर दोन तासांनी ठेवलेली असते, म्हणजे गाडीचे चाक पंक्चर झाले म्हणून कुणी उगाच धावाधाव करू नये, आणि खरेच काही झाले असेल तर अंधार पडण्याआधी शोध सुरू व्हावा. हा कागद हीच माझी परवानगी, असे मी थट्टेने म्हणतो. पण खरे तर तो लागल्यापासून ‘जाऊ नकोस’ हे वाक्य मी घरात ऐकलेले नाही. तिची हरकत माझ्या जाण्याला कधी नव्हतीच. नुसते ‘येतो’ म्हणून निघून जाण्याला होती.

चार ओळींतली अवघड ओळ तिसरी. ठरलेली वेळ झाली, की शिखर कितीही जवळ असले तरी मागे फिरायचे, हा नियम मोठ्या पर्वतांवरून आलेला आहे. 1996 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर एका वादळात आठ गिर्यारोहकांचा जीव गेला. त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत मागे फिरावे असा सर्वसाधारण संकेत होता आणि अनेक जण त्यानंतरही वर चढत राहिले होते. आमच्या टेकड्यांचा आणि एव्हरेस्टचा काही संबंध नाही, हे मान्य. पण ‘एवढे आलोच आहोत तर’ हे वाक्य दोन्हीकडे सारखेच मोहात पाडते.

मुलगी आठ वर्षांची असताना हा नियम मला तिच्यावर चालवावा लागला. माथा जेमतेम पंधरा मिनिटांवर होता, परतीची वेळ झाली होती आणि पश्चिमेला ढग काळे पडले होते. वीज दिसली तसे आम्ही दोघांनी मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली. गडगडाट ऐकू आला तेव्हा बारावर पोहोचलो होतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज चार किलोमीटरवर होती. तीसच्या आत आवाज आला तर उघड्या माथ्यावर थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा वर जाऊ नये, एवढे मला माहीत होते, म्हणून आम्ही उतरलो. ती पायथ्यापर्यंत रडत आली. त्या दिवशी त्या डोंगरावर पावसाचा एक थेंब पडला नाही. पुढचा आठवडाभर जेवताना, झोपताना, दप्तर भरताना ती मला ऐकवत होती, “बाबा, पाऊस आलाच नाही.” माझ्याकडे याचे उत्तर तेव्हा नव्हते आणि आजही नाही. मागे फिरण्याचा निर्णय बरोबर होता याचा पुरावा कधी हाती येत नाही, आणि आठ वर्षांच्या माणसाला ते पटवणे तर त्याहून कठीण.

मुले बरोबर येऊ लागली तेव्हा माझ्या छंदात खरा बदल झाला, आणि तो सुरुवातीला मला मुळीच आवडला नव्हता. नेस्मिथचा हिशेब मी आता सरळ दुप्पट करतो, आणि धाकटा सोबत असेल तर तोही कमी पडतो. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचे, म्हणजे बाकीचे आपोआप त्याच्या चालीने चालतात. हळू चालणारा मागे राहिला, की पुढचे थांबून विश्रांती घेतात आणि तो धापा टाकत पोहोचला की उठून चालू लागतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज त्यालाच ती मिळत नाही. हे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात आपल्यापुढे साडेतीन फुटांचा माणूस दर वीस पावलांवर थांबतो आणि आपण त्याच्या पाठीकडे पाहत उभे असतो.

एकदा तो असाच वाटेच्या कडेला बसला तो उठेचना. एका पुढे आलेल्या खडकाखाली, पाऊस न पोहोचणाऱ्या कोरड्या मातीत, नरसाळ्याच्या आकाराचे सात-आठ छोटे खड्डे होते. मी ते आयुष्यभर पाहत आलो होतो आणि त्यांच्यावरून चालत गेलो होतो. त्याने गवताच्या काडीने एका खड्ड्याच्या काठावरचे दोन कण आत ढकलले, आणि तळातून कुणीतरी माती उडवली. मग एक मुंगी काठावर आली, तिच्या पायाखालची माती घसरली, ती चढू लागली, तळातून पुन्हा मातीचा फवारा आला, आणि मुंगी खाली गेली ती दिसेनाशी झाली. तळाशी एक अळी दबा धरून बसलेली असते. मातीचा ढीग जितका तिरपा राहू शकतो नेमक्या तेवढ्या तिरप्या भिंती ती राखते, म्हणून मुंगीचा एवढासा भारही त्यांना सोसत नाही. आम्ही तिथे चाळीस मिनिटे होतो. माथ्याला त्या दिवशीही पोहोचलो नाही, आणि या वेळी कुणी रडलेही नाही.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पूर्वी मी सहा दिवसांत पाच ठिकाणे पाहत असे. आता सहा दिवस एकाच ठिकाणी राहतो, कारण मुलांना पहिला दिवस जागा ओळखण्यात जातो आणि खरी मजा तिसऱ्या दिवसापासून सुरू होते. तंबूबद्दलही एकच सांगतो : नवा तंबू आधी घराजवळ एकदा उभा करून पाहावा आणि पांघरुणापेक्षा अंथरुणावर जास्त खर्च करावा. स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भाग आपल्याच वजनाने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि रात्रभर जमीन अंगातली ऊब शोषत राहते. गारठलेले मूल पहाटे तीनला उठवते तेव्हा आकाश कितीही सुंदर असले तरी त्याचे कौतुक करवत नाही.

दुर्बीण मात्र याच सगळ्यातून आली. ज्या रविवारी घर सोडता येत नाही, त्या रविवारची रात्र तर असतेच. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि कुणी एकदा मोबाइल उघडला की ती सारी फुकट जाते, म्हणून गच्चीवर फक्त लाल कागद लावलेली बॅटरी चालते. शनीची कडी पाहायला मोठे यंत्र लागत नाही. पंचवीस-तीस पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. पण 2025 साली आम्ही ती पाहायला गेलो तेव्हा कडी जवळजवळ नव्हतीच. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात आणि साधारण पंधरा वर्षांनी एकदा त्याची कडी आपल्याकडे कड करून उभी राहतात, तेव्हा ती सुईच्या रेघेसारखी दिसतात किंवा दिसतच नाहीत. गॅलिलिओने 1610 साली शनीला दोन बाजूंना काहीतरी चिकटलेले पाहिले आणि 1612 मध्ये ते नाहीसे झालेले पाहून तो चक्रावला, तो याच कारणाने. मुलगी निराश झाली. पुन्हा असे कधी होईल, म्हणून तिने विचारले; 2038-39 मध्ये, मी म्हणालो. तिने बोटांवर स्वतःचे वय मोजले, मग माझे मोजले, आणि काही न बोलता पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

‘घरून काही म्हणत नाहीत का’ या भागाचे उत्तर अजून राहिले आहे. फ्रिजवर कागद लागू लागल्याला वर्ष झाले असेल, तेव्हा बायकोने त्याच्याशेजारी दुसरा कागद लावला. तिला लग्नाआधी लांबवर सायकल चालवायची सवय होती, हे मला माहीत होते आणि मी ते सोयीस्करपणे विसरलो होतो. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार माझा, एक तिचा, एक सगळ्यांचा, आणि उरलेला घरातल्या कामांचा. मला पूर्वीपेक्षा कमी डोंगर मिळतात. ‘सगळे जमते’ असे जे तुम्हाला बाहेरून दिसते, ते एवढेच आहे.

आजचा रविवार तिचा आहे. कागदावर परतीची वेळ साडेपाच लिहिली आहे आणि काळजीची साडेसात. आता सव्वासहा झाले आहेत. धाकट्याने दोनदा विचारले आहे, मुलगी मघापासून स्वयंपाकघरात जाऊन तो कागद पुन्हा पुन्हा वाचून येते, आणि साडेसातला अजून सव्वा तास आहे, हे मी तिला शांतपणे समजावून सांगतो आहे.