औट

परवा सांगलीत दुपारी चारच्या सुमाराला अप्पांच्या दारात उभी राहिले आणि बेल दाबायच्या आधी पोटात गोळा आला. वय ४३, हातात पुण्याहून आणलेल्या बाकरवडीचा पुडा, मागं दोन मुलं, आणि ओठांवर आपसूक दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा. अप्पांच्या घरी जाताना दिडकी म्हणायची ही सवय इतकी जुनी आहे की पायऱ्या चढायला लागलं की ती सुरू होते. स्वरासकट.

अप्पा आमचे कुणीच नव्हेत. गणपती पेठेतल्या एका हळदीच्या अडत दुकानात ते दिवाणजी होते आणि बाबा पोस्टात. पेढीची रजिस्टर पत्रं घेऊन अप्पा काउंटरवर यायचे, एवढीच ओळख. तिच्यावर दर महिन्यातल्या एका रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून बाबा त्यांच्याकडे का जायचे, हे मी कधी विचारलं नाही. तेव्हा लोक एकमेकांकडे असेच जात. काम काढून जाणं उलट कमीपणाचं वाटे.

तर वाटेत बाबा माझ्याकडून दिडकी घोकून घ्यायचे. शाळेत ती नव्हतीच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे सगळं आमच्या पिढीच्या आधीच अभ्यासातून गेलेलं होतं. पण अप्पांच्या घरी परीक्षा त्याच जुन्या अभ्यासक्रमाची असे. वहिनी भडंगाची ताटली आणायच्या, वर चिरलेला कांदा, आणि मी पहिला बकाणा भरला की अप्पा विचारायचे, "सांग बघू, पाच दिडे?"

तोंडात भडंग असताना 'साडेसात' म्हणून बघा.

शिवाय साडेसात मला येतच नसे. मग बाबा. ते अप्पांच्या खुर्चीच्या जरा मागं, बाकावर बसलेले असायचे. तिथून मला बोटं दाखवायचे. सात बोटं ताठ आणि आठवं अर्धं वाकवलेलं. वाकवलेलं बोट म्हणजे अर्धा, हा आमचा करार. सगळं सुरळीत चाललं होतं, पण एका रविवारी अप्पांनी औटकी काढली. औट म्हणजे साडेतीन. "तीन औटे?" मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी दहाच्या दहा बोटं उभी केली आणि तशीच धरून बसले. पुढचा अर्धा दाखवायला अकरावं बोट आणायचं कुठून? मग त्यांनी हळूच डावा डोळा मिटला.

"साडेदहा!" मी ओरडले. अप्पा म्हणाले, "शाब्बास." आणि मला एक लिमलेटची गोळी मिळाली.

तेव्हा अप्पा मला फार फार म्हातारे वाटायचे. परवा जिना चढताना हिशेब केला, तर ते तेव्हा ५४ वर्षांचे होते. आता ८८ आहेत आणि मला तेव्हापेक्षा तरुण वाटले, याचं काय करायचं ते मला कळत नाही.

दार वहिनींनी उघडलं. "नमस्कार करा," मी मुलांना म्हणाले, अगदी माझ्या आईच्या आवाजात. मुलं वाकली. अप्पांनी धाकट्याचा हात धरून ठेवला.

"कितवीला रे तू?"

"थर्डला."

"असं होय. मग सांग, एकोणऐंशी म्हणजे किती?"

मी भडंगाच्या ताटलीकडे पाहत राहिले. आमच्या घरात हा प्रश्न विचारायचा नाही असा अलिखित नियम आहे, कारण त्यावर मीच रडायला येते. मुलं इंग्रजी शाळेत जातात. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ हे त्यांना एकाच गल्लीतल्या सारख्या रंगाच्या घरांसारखं वाटतं. मोठी सातवीत आहे, ती निदान अंदाजानं दार ठोठावते.

"एटी नाइन?" धाकटा म्हणाला.

अप्पा रागावले नाहीत. "ऐंशीला एक उणा. उणा म्हणजे कमी. एक कमी असला की आपण पुढच्याचं नाव घ्यायचं. एकोणवीस, एकोणतीस. व्यापारात असंच असतं, बाळ, पुढचं गिऱ्हाईक दिसत असतं."

धाकट्यानं जरा विचार केला. "मग नाइंटी नाइनला एकोणशंभर का नाही म्हणत?"

अप्पा थांबले. मी थांबले. वहिनी चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या. नव्व्याण्णव. खरंच की. का नाही?

"सत्तर वर्षं आकडे लिहिले मी," अप्पा म्हणाले, "हे मला कुणी विचारलं नव्हतं." आणि असे हसले की खोकलाच आला. उत्तर त्यांनी दिलं नाही. मलाही ठाऊक नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ऐवजी 'वीस एक' असं वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तावातावानं भांडले होते, बहुतेक एका डोहाळजेवणात. त्रेसष्टला साठ तीन म्हणायचं म्हणजे काय! एवढी भांडले आणि घरी येऊन मुलीला 'सिक्स्टी थ्री'चं स्पेलिंग घातलं. असो. माझा मराठी आकड्यांचा हट्ट अजून शाबूत आहे, पण तो गुपचूप चालतो. ऑफिसात दिवसभर इंग्रजीत बोलते, बेरीज मात्र पोटात मराठीत. ओटीपी आला की मी तो सहा आकडी वाचतच नाही, जोड्या लावते. त्रेचाळीस, एकोणसत्तर, अठ्ठावीस. शेजारचा मुलगा एकदा म्हणाला, "मॅडम, तुम्ही मंत्र म्हणताय का?"

अप्पांनी मात्र खरोखरचे दोन्ही काळ पाहिले. १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हा ते पेढीवर नवखे होते. सोळा आण्यांचा रुपया, आण्याचे चार पैसे, तिथं पावकी-दिडकी म्हणजे रोजची भाकरी. रुपयाचे शंभर झाले आणि ते सगळं पाठांतर एका रात्रीत माळ्यावर गेलं. तो किस्सा त्यांनी मुलांना सांगितला. मी तो निदान वीसदा ऐकलेला आहे, तरी पुढं सरकून बसले.

"एकदम चार आणे मोडायला दिलेस तर मिळायचे पंचवीस नवे पैसे. पण एकेक आणा चार वेळा मोडलास तर? आण्याचे सहा. सहा चोक?"

"ट्वेंटी फोर," मोठी म्हणाली.

"मग एक पैसा गेला कुठं?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माझं काम ठरलेलं आहे. "गल्ल्यात!" मी म्हणाले.

मोठीनं भिंतीवरची रेघ विचारली. ती पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली, ते पाणी घरात इथवर होतं. २००५ ची रेघ तिच्याखाली होती, ती रंगात गेली. २०१९ च्या पाण्यात अप्पांनी जपून ठेवलेल्या पेढीच्या जुन्या कीर्दी-खतावण्याही गेल्या. "लगदा झाला नुसता," ते म्हणाले. "बरं झालं. त्यातली येणी आता कोण देणार होतं?"

औट हा शब्द आता फक्त एका ठिकाणी उरलाय, औट घटकेच्या राजात. घटका २४ मिनिटांची. म्हणजे औट घटकेचं राज्य ८४ मिनिटांचं. चौऱ्याऐंशी. आम्ही चारला गेलो आणि मी घड्याळ पाहिलं तेव्हा साडेपाचला पाच कमी होते. अगदी तेवढाच वेळ, वर एक मिनिट. धाकटा अप्पांच्या खुर्चीच्या हातावर चढून बसला होता आणि त्यांच्या चष्म्यातून कॅलेंडर बघत होता.

"निघतो" म्हटल्यावर जे व्हायचं ते सगळं झालं. वहिनींनी माझी ओटी भरली, मग भडंगाची पिशवी दिली, मग 'अगं थांब' म्हणून लोणच्याची बरणी आणायला आत गेल्या. अप्पा उठून दारापर्यंत आले. मी नको नको म्हणत होते.

"तुझा बाप," ते म्हणाले, "डावा डोळा मिटायचा."

मला काही सुचेना.

"तुझ्या मागं कपाट होतं की. काचेचं. बोटंबिटं सगळी दिसायची मला." त्यांनी दाराच्या चौकटीला धरलं. "म्हणून तर औटकी काढली. म्हटलं, बघू, दहाच्या पुढं काय करतोय."

वहिनी बरणी घेऊन आल्या. कागद, दोरा, वर प्लास्टिकची पिशवी, तेल सांडेल म्हणून आणखी एक पिशवी.

"किती झाली गं त्याला जाऊन?"

"साडेतीन वर्षं."

अप्पांनी मान हलवली. "औट," ते म्हणाले.

जिन्यात धाकट्यानं माझा हात ओढला. "आई, ते आजोबा काय म्हणाले? आबा आउट झाले, असं?"

"हो," मी म्हणाले. "चपलेचा बंद लाव नीट. पडशील."