एकच पिकअप बदलायचा होता

माझी इलेक्ट्रिक गिटार फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या, म्हणजे स्ट्रॅटच्या धाटणीची आहे. सेकंडहँड, साडेसहा हजारांना घेतलेली. मान सरळ, फ्रेट चांगले, हातात बसते. तारांची थरथर टिपून विजेत बदलणारे तीन पिकअप तिच्यात आहेत: मानेजवळ नेक, मग मधला, आणि दुसऱ्या टोकाला तारा टेकतात तिथे ब्रिज. त्रास एकच होता: ब्रिजचा पिकअप लावला की आवाज कानात टोचायचा. पातळ आणि कर्कश, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. शिवाय खोलीतल्या विजेची गुणगुण सतत मागे.

सेमूर डंकन किंवा डिमार्झिओ या नावाजलेल्या कंपन्यांचा सेट घ्यायचा तर गिटारपेक्षा पिकअप महाग पडत होते. मी तीन हजारांची मर्यादा ठरवली आणि त्यात काय बसतं ते शोधायला लागले. शोधताना सगळीकडे एकच आकडा पुढे येतो, रेझिस्टन्स. हा सहा के (किलो-ओहम), तो बारा के, जास्त म्हणजे दमदार. या आकड्यावर मी आता अजिबात विसंबत नाही. तांब्याची तार जास्त गुंडाळली तर आकडा वाढतो, तसाच नुसती बारीक तार वापरली तरी वाढतो. आवाज कसा असेल हे त्यावरून कळत नाही.

म्हणून आधी पिकगार्ड, म्हणजे पिकअप बसवलेलं प्लॅस्टिकचं आवरण, उघडलं. अकरा स्क्रू काढून ते उलटं केलं, आणि दोन गोष्टी दिसल्या. पिकअपच्या पोटाला एक काळी पट्टी चिकटवलेली होती, सिरॅमिक चुंबकाची. वर तारांखाली दिसतात त्या सहा गोल खुंट्या साध्या लोखंडाच्या होत्या, चुंबक नव्हेच. अल्निकोच्या पिकअपमध्ये त्या खुंट्याच चुंबक असतात. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट लोखंडात मिसळून केलेल्या. दुसरी गोष्ट माझ्यासाठी जास्त महत्त्वाची ठरली. आवाज आणि टोनच्या कळांखाली असतात त्या तिन्ही पॉटवर ‘बी ५०० के’ लिहिलेलं होतं. माझ्यासारख्या एका कॉइलच्या पिकअपला, म्हणजे सिंगल कॉइलला, सहसा २५० केचे पॉट लावतात. ५००च्या पॉटमधून वरच्या पट्टीतला आवाज कमी गळतो, त्यामुळे टोचणारा पिकअप आणखी टोचतो. त्यात स्ट्रॅटच्या मूळ जोडणीत ब्रिजच्या पिकअपला टोनची कळच नसते. दोन्ही टोन नेक आणि मधल्या पिकअपसाठी. मी इतके दिवस टोन फिरवत होते आणि ब्रिजवर त्याचा काही परिणाम होत नव्हता, त्याचं कारण हे.

शनिवारी पुण्याच्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात त्या तपकीर गल्लीत गेले. “काका, अडीचशे केचा पॉट आहे का? लॉग पाहिजे.” (लॉग म्हणजे कळ फिरवताना कानाला आवाज सारख्या चालीनं वाढतोय असं वाटेल असा पॉट.)

“अडीचशे नाही, दोनशेवीस आहे. काय करताय?”

“गिटारमध्ये लावायचाय.”

“मग न्या. दोनशेवीस न् अडीचशेत काय फरक पडत नाही.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पॉटच्या छापील आकड्यात वीस टक्के इकडेतिकडे चालतंच. दाते असलेल्या दांड्याचे तीन घेतले. घरी येऊन सोल्डरचे जुने डाग काढले, नवे दिले, आणि स्विचवर मधल्या पिकअपच्या टोनच्या पायापासून ब्रिजच्या पायापर्यंत वायरचा एक छोटा तुकडा जोडला, म्हणजे ती कळ ब्रिजलाही लागू झाली. तेवढ्यानं टोचणं निम्म्यावर आलं. पिकअपचे पैसे अजून खर्चच झाले नव्हते! ज्यांना पिकअप बदलायचे आहेत त्यांना माझं मनापासून सांगणं आहे, आधी पॉट बघा.

राहिलेल्या निम्म्यासाठी मात्र पिकअप बदलणं भाग होतं. जोरात वाजवलं की सूर चिरडल्यासारखे व्हायचे, ते पॉटनं जाणार नव्हतं. पूर्ण सेट न घेता मी फक्त ब्रिजचा घेतला, अल्निको पाच या प्रतीच्या चुंबकाचा, सात केचा. मागवण्याआधी मोजपट्टीनं पहिल्या खुंटीच्या मध्यापासून सहावीच्या मध्यापर्यंत मोजलं: ५२ मिलिमीटर. हे मापसुद्धा पाहायलाच हवं. ते चुकलं तर कडेच्या तारा चुंबकावरून सरकलेल्या राहतात आणि प्लॅस्टिकचं कव्हरही बसत नाही.

बसवला, तारा चढवल्या, वाजवला. ब्रिज एकटा अप्रतिम लागला. मग स्विच एक घर सरकवून ब्रिज आणि मधला एकत्र लावले, तर आवाज एकदम पोकळ, नाकातून आल्यासारखा, खर्ज गायब. गुणगुण होती तशीच.

पुन्हा अकरा स्क्रू. जुना काढलेला ब्रिजचा पिकअप हातात घेऊन नव्याच्या तोंडासमोर धरला, तर दोघं एकमेकांना ओढायला लागले. मधल्यासमोर धरला तर ढकलला गेला. म्हणजे नव्याच्या चुंबकाचे ध्रुव मधल्याच्या उलट होते, आणि दोघांचे सूर एकमेकांना खोडत होते. मी नव्या पिकअपची पांढरी आणि काळी वायर सोडवली आणि अदलाबदल करून पुन्हा डाग दिले. हे करताना हात जपून ठेवावा लागतो. आतली तार केसाइतकी बारीक असते आणि टोकाला झटका बसला तर संपलंच.

आता तो पोकळपणा गेला, आणि गुणगुणही बरीच उतरली. मी गिटार ट्यूबलाइटजवळ नेऊन पाहिली, तरी तेच. चुंबक उलट आणि जोडणीही उलट, म्हणजे तारांचा सूर एकमेकांत मिळतो आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण एकमेकांना मारते. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली ज्या हंबकरच्या, म्हणजे गुणगुण मारणाऱ्या पिकअपच्या, पेटंटसाठी अर्ज केला, त्यातल्या दोन कॉइलचं तत्त्व हेच. माझ्या गिटारमध्ये ते दोन वायरींच्या अदलाबदलीनं येऊन बसलं.

शेवटी उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि तार आणि खुंटी यांतलं अंतर मोजायचं. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी फेंडर जाड तारेकडे २.४ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर सांगतं. मी तिथून सुरुवात केली आणि जाड बाजू अर्धा फेरा खाली उतरवली. अल्निकोच्या खुंट्या फार वर आणल्या तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवरचे सूर लटपटतात.

नेक आणि मधला जुनेच ठेवलेत. नव्या पॉटनंतर नेकचा आवाज मला आवडायला लागलाय, आणि मधला बदलला तर ही जमलेली जोडी मोडेल.