तुम्ही विचारलंत म्हणून: लेथ कुठला घेऊ?

आठवड्याला एक तरी फोन येतोच, "घरी लेथ टाकायचाय, कुठला घेऊ?" (लेथ म्हणजे धातूचा तुकडा गोल फिरवत टूलने कापायचं मशीन.) आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न, "तुमच्याकडे तो छोटा नवाकोरा होता की, तो विकून हे जुनं धूड कशाला आणलंत?" आजवर जसा मूड असेल तसं उत्तर देत आलोय, दोघातिघांना तर वैतागून "नकाच घेऊ" असंही सांगून टाकलंय. आता एकदाच लिहितो, यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

छोटा वाईट नव्हता. चिनी, चाळीसेक किलोचा, टेबलावर मावणारा, आतले गिअर प्लास्टिकचे. पितळ, अ‍ॅल्युमिनियम मस्त कापायचा. एमएसला, म्हणजे साध्या स्टीलला, जरा कट वाढवला की सगळं अंग थरथरायचं आणि पार्टिंग करताना, म्हणजे तुकडा कापून वेगळा करताना, मी श्वास धरून उभा असायचो, पण चालायचं. मग विकला का? मी लोकांना सांगतो की रिजिडिटी (ताठपणा) नव्हती, जड मशीनला पर्याय नाही वगैरे. खरं कारण असं की कोल्हापुरात उद्यमनगरात एकाने सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घेतली आणि त्याचा जुना साडेचार फुटी लेथ भंगाराच्या काट्यावर निघालेला मी बघितला आणि मला राहवलं नाही. बाकीची कारणं नंतर जमवली.

तर जुना घेणार असाल तर एवढं बघा. सॅडल (टूल घेऊन बेडवर, म्हणजे खालच्या लांब रुळांवर, सरकणारा भाग) चकाजवळ (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडून फिरवणारा पंजा) आणून गिब (सॅडलचा ढिलेपणा काढायची पट्टी) घट्ट करा आणि टेलस्टॉककडे (दुसऱ्या टोकाला) फिरवत न्या, पुढे जाऊन जाम झाला तर बेड चकाजवळ झिजलाय, कारण सगळ्यांचं सगळं काम तिथेच होतं. चेंज गिअर (आटे पाडताना बदलायचे सुटे गिअर) मोजून घ्या. लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंचातला असेल तर मिलीमीटरचे आटे बरोबर पाडायला १२७ दातांचा गिअर लागतो आणि नेमका तोच हरवलेला असतो. थ्री फेज मोटर छोटी असेल तर जोडणी स्टारची डेल्टा करून सिंगल फेजच्या व्हीएफडीवर (घरच्या लाइनवरून थ्री फेज देणारा डबा) घरी चालते, फक्त चक आट्यावर बसणारा असेल तर जोरात रिव्हर्स मारू नका, चक सुटून बेडवर येईल. एचएमटीचे, हरिहरच्या किर्लोस्करांचे लेथ मलाही आवडतात, पण त्यातले मोठे टनाच्या वर जातात, घराच्या दारातून आत कसे नेणार ते आधी सांगा. झालं, निवडीबद्दल माझ्याकडे एवढंच आहे, आणि खरं सांगायचं तर यातल्या कशानेच माझं नडलं नाही.

माझं नडलं फरशीनं.

लेथ छोट्या हत्तीतून आणला, पाईपच्या रोलरवर पहारीने ढकलत मागच्या शेडमध्ये नेला, भोकं पाडून फाउंडेशन बोल्ट टाकले आणि पान्याला पाईप घालून असे आवळले की बस. लेव्हल (बुडबुड्याची पाणसळ) लावली नाही. एका मित्राने विचारलं पण होतं, त्याला मी म्हणालो, लेव्हल-बिव्हल फॅक्टरीवाल्यांसाठी, आपल्याला काय रॉकेट बनवायचंय. (हे वाक्य तो अजून मला ऐकवतो.)

पहिलं खरं काम शेजारच्या पिठाच्या गिरणीचा शाफ्ट. २५ मिलीमीटर, दोन ठिकाणी बेअरिंग. चकाकडचं बेअरिंग हातोडीच्या दोन ठोक्यांत नीट बसलं, दुसऱ्या टोकाचं चढेचना. मोजलं तर १५० मिलीमीटरवर ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) जाड. वाटलं टूल बोथट झालं. बदललं. मग चकावर संशय, मग बेअरिंगवर, मग विकणाऱ्यावर. त्याला फोन करून काय काय बोललो ते लिहीत नाही. गिरणीवाल्या वहिनी रोज कुंपणापलीकडून "झालं का हो?" विचारायच्या आणि मी रोज "उद्या" म्हणायचो, तिकडे गल्लीचं दळण अडलेलं.

आणि मग मी ते केलं ज्याची मला आजही लाज वाटते. हेडस्टॉकचे (चक फिरवणाऱ्या डोक्याचे) बोल्ट सोडले, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून खाली एका बाजूला सरकवला आणि टेपर (एका टोकाला जाड होत जाणं) जाईपर्यंत मागेपुढे करत बसलो. गेला टेपर! दोन दिवस मी स्वतःवर भलताच खूश. तिसऱ्या दिवशी फेसिंग केलं, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापलं, आणि पट्टी धरली तर जॉब मधे खोलगट, खालून उजेड दिसतोय.

शेवटी एका रिटायर्ड टर्नर (लेथ कारागीर) मामांना घेऊन आलो. त्यांनी लेथ चालूच केला नाही. पिशवीतून मशीन लेव्हल काढली, चकाजवळ बेडवर आडवी ठेवली, मग टेलस्टॉकच्या टोकाला ठेवली आणि बुडबुडा माझ्यापासून लांब, मागच्या बाजूला पळाला. मग खाली फरशी बघितली. "हितं मोरी होती काय रं?" होती. आई तिथे भांडी घासायची, गवंड्याने त्या कोपऱ्याला मुद्दाम उतार दिलेला, आणि मी त्या उतारावर चौथा पाय बोल्टने ओढून टेकवला होता. "बेडला पीळ बसलाय. सगळं बोल्ट सोड आधी." शेवटचा बोल्ट सुटताना बेडातून बारीक कुंई असा आवाज आला आणि तो पाय आपोआप उचलला गेला. फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातलं, ०.४० मिलीमीटर आरामात गेलं. एवढ्यासाठी मी हेडस्टॉक सोडवला. कॅनचा पत्रा काढून मामांच्या हातात दिला तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसता उलटापालटा करून बघितला आणि खिशात टाकला.

त्या पायाखाली पॅकिंग घालून रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी हलके बोल्ट आवळले, तेवढ्याच लांबीत फरक १० मायक्रॉन. गिरणी त्याच संध्याकाळी सुरू झाली.

मग मोठाच घ्यावा का? माहीत नाही. तीन वर्षांत मी केलेल्या कामांपैकी निम्मी तरी त्या छोट्यावर झाली असती, आणि तो टेबलावर असल्याने त्याला ना मोरी ना उतार. पण तो शाफ्ट नसता झाला. म्हणजे झाला असता, बारीक बारीक कट घेत चार दिवसांत. तसे चार काय, माझे बारा दिवस गेलेच.

आणि लेव्हल केलं की संपलं असंही नाही. आमच्याकडे खाली काळी माती, पावसात फुगते. जुलैत परत २० मायक्रॉन दिसले. मामांना फोन केला तर म्हणाले, दिवाळीपर्यंत हात लावू नको, माती वाळली की जाईल. मला धीर धरवला नाही, बोल्ट फिरवला. दिवाळीत मोजलं तर १५, पण उलट्या बाजूला. मामांना अजून सांगितलेलं नाही.