तुम्ही विचारलंत म्हणून : घेताना दोन कळा, सुटताना एक

क्रिप्टोच्या डेस्कटॉप ॲपमध्ये कीबोर्डचे कोणते शॉर्टकट लावावेत आणि तुम्ही स्वतः कोणते लावता त्याची यादी द्याल का, असा प्रश्न मला सातत्याने विचारला जातो. विचारणारे बहुतेक जण बिटकॉइन किंवा इथरच्या फ्युचर्समध्ये (प्रत्यक्ष नाणे न घेता त्याच्या भावावर केलेल्या करारांत) सौदे करणारे असतात आणि माऊस सोडून कीबोर्डवर आलो की सौदा लवकर पकडता येईल, अशी त्यांची अपेक्षा असते. यादी द्यायला माझी हरकत नाही, परंतु ती जशीच्या तशी उचलून फारसा उपयोग होणार नाही. कारण कोणत्या कळेला कोणते काम द्यायचे हे ठरवण्याआधी कोणते काम सोपे करायचे आणि कोणते मुद्दाम थोडे अवघड ठेवायचे, हे ठरवावे लागते. माझ्यापुरता तो निर्णय पक्का आहे. पोझिशन, म्हणजे बाजारात उघडा असलेला आपला सौदा, घ्यायला दोन कळा लागल्या पाहिजेत आणि पोझिशनमधून बाहेर पडायला एकच.

ही शिस्त मी शेअर दलालाच्या कार्यालयात डीलर म्हणून बसत असताना शिकलो. राष्ट्रीय शेअर बाजार १९९४ पासून पडद्यावरच चालत आला आणि मुंबई शेअर बाजारात १९९५ साली संगणकावरून सौदे करण्याची बोल्ट प्रणाली येऊन रिंगणातला आरडाओरडा थांबला. त्यानंतरच्या डीलरांनी एफ१ म्हणजे खरेदी आणि एफ२ म्हणजे विक्री हे बोटांनीच पाठ केले. मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. एफ१ दाबल्याने ऑर्डर जात नव्हती, फक्त निळी खिडकी उघडत होती. त्यात संख्या आणि भाव पाहून एंटर दाबल्यावरच ऑर्डर बाजारात जात होती. त्या मधल्या क्षणात डोळ्यांनी एकदा वाचून घ्यायचे, हेच डीलरचे खरे शिक्षण होते. एवढी पायरी असूनही ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका दलाल पेढीच्या टर्मिनलवरून ६५० कोटी रुपयांहून अधिक मूल्याच्या चुकीच्या ऑर्डर गेल्या आणि निफ्टी काही क्षणांत सुमारे ९०० अंकांनी कोसळला. आजची अनेक क्रिप्टो ॲप ही मधली पायरी काढून टाकण्याची सोय देतात आणि कळ दाबताच ऑर्डर थेट जाते. नवा माणूस सेटिंगमध्ये शिरून सर्वप्रथम तीच सोय चालू करतो, याचे मला वाईट वाटते.

घरच्या इंटरनेटवरून सौदे करणाऱ्या माणसाला आत शिरण्याच्या वेगात काहीही कमवायचे नसते. त्याच्यासमोर एक्स्चेंजच्या सर्व्हरशेजारी संगणक ठेवून चालणारे प्रोग्राम असतात; त्यांच्याशी अर्ध्या सेकंदाची स्पर्धा करून हाती काही लागत नाही. सौदा हुकला तर दुसरा मिळतो. बाहेर पडण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तिथे आपले पैसे आधीच अडकलेले असतात आणि हा बाजार रात्री बंद होत नाही. अमेरिकेने चिनी मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्क लावण्याची घोषणा केली तेव्हा आपल्याकडे ११ ऑक्टोबर २०२५ ची पहाट होती, आणि एका दिवसात १९ अब्ज डॉलरहून अधिक मूल्याच्या उधारीवरच्या पोझिशन एक्स्चेंजांनी सक्तीने कापल्या, म्हणजे बंद केल्या. अशा वेळी जागा असलेल्या माणसाला माऊस घेऊन यादीत पोझिशन शोधणे, बटण शोधणे आणि पुन्हा खात्रीच्या खिडकीत ‘होय’ शोधणे परवडत नाही. आणि झोपलेल्या माणसाला कोणताच शॉर्टकट वाचवू शकत नसल्यामुळे एक्स्चेंजवर आधीच लावून ठेवलेला स्टॉप-लॉस (ठरवलेल्या भावाला पोझिशन आपोआप बंद करणारी ऑर्डर) हा सगळ्या कळांच्या आधी येतो.

म्हणून माझी पहिली कळ सौदा कापण्याची आहे आणि ती कशी बांधायची, हे मी जरा सविस्तर सांगतो. समजा तुमच्याकडे ०.०५ बिटकॉइनची खरेदीची पोझिशन आहे आणि कापण्याच्या कळेला तुम्ही ‘०.०५ बाजारभावाने विका’ एवढेच काम दिले आहे. बाजार पडतो आहे, पडद्यावर क्षणभर काहीच बदलत नाही, आणि घाईत तुम्ही तीच कळ दुसऱ्यांदा दाबता. पहिल्या ऑर्डरने पोझिशन शून्य होते आणि दुसरीने तुम्ही ०.०५ ची विक्रीची, म्हणजे भाव चढला की तोटा देणारी, पोझिशन घेऊन बसता, तीही पडत्या भावाच्या तळाशी आणि स्टॉप-लॉसशिवाय. यावरचा उपाय जवळजवळ प्रत्येक फ्युचर्स एक्स्चेंजवर उपलब्ध आहे आणि त्याचे नाव आहे ‘रिड्यूस ओन्ली’. ही खूण असलेली ऑर्डर पोझिशन कमी करू शकते, उलटी करू शकत नाही. पोझिशन शून्य झाल्यावर आलेली दुसरी ऑर्डर एक्स्चेंज स्वतःच नाकारते. कापण्याच्या कळेला ही खूण जोडता येत नसेल, तर त्या ॲपमध्ये ती कळ मी लावतच नाही.

‘सगळ्या ऑर्डर रद्द’ या कळेबाबतही असाच एक बारकावा आहे. अडचणीच्या वेळी लोक आधी हीच कळ दाबतात, कारण पडद्यावरचा पसारा आवरला की मन शांत होते. परंतु अनेक ॲपमध्ये त्या एका फटक्यात तुमचा स्टॉप-लॉससुद्धा रद्द होतो आणि पोझिशन उघडी पडते. आधी पोझिशन कापावी आणि मगच उरलेल्या ऑर्डर रद्द कराव्यात. रद्द करण्याचे काम एस्केपच्या कळेवर तर कधीच ठेवू नये, कारण प्रत्येक लहानसहान खिडकी बंद करायला आपला हात सवयीने तिथेच जातो.

कापताना बाजारभावाची ऑर्डर द्यावी की मर्यादेची (ठरवलेल्या भावाच्या खाली न विकणारी), यावर मतभेद आहेत. २१ जून २०१७ रोजी जीडॅक्स या एक्स्चेंजवर कोट्यवधी डॉलरची एकच विक्रीची ऑर्डर बाजारभावाने आली, ऑर्डर बुकमधले (थांबलेल्या ऑर्डरींच्या यादीतले) खरेदीदार संपत गेले, स्टॉप-लॉसच्या ऑर्डरी एकामागून एक सुटल्या आणि तीनशे डॉलरच्या वर असलेला इथर क्षणभर १० सेंटला विकला गेला. आपली ऑर्डर एवढी मोठी नसते हे खरे. पण ज्या नाण्याची ऑर्डर बुक पातळ आहे तिथे लहान ऑर्डरही दोन-तीन टक्के खाली जाऊन पूर्ण होते. बिटकॉइन आणि इथरमध्ये मी बाजारभावच वापरतो. इतर नाण्यांत समोरच्या उत्तम भावापेक्षा थोडी खालची मर्यादा घातलेली ऑर्डर त्या कळेला देतो आणि ती पूर्ण झाली की नाही, हे लगेच तपासतो.

आता अशी एक गोष्ट, जी इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही आणि मराठीत टंकलेखन करणाऱ्याला हमखास आडवी येते. यांतील पुष्कळ डेस्कटॉप ॲप ब्राउझरच्याच तंत्रावर बांधलेली असतात. अशा ॲपला कीबोर्डकडून दोन गोष्टी कळतात : कोणत्या जागेची कळ दाबली आणि त्या कळेतून कोणते अक्षर उमटले. ॲप बनवणाऱ्याने शॉर्टकट अक्षरावर (समजा खरेदीला बी, विक्रीला एस) बांधला असेल आणि तुमच्या विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी चालू राहिली असेल, तर बीच्या कळेतून ‘व’ उमटतो, एसच्या कळेतून एकाराची मात्रा उमटते, आणि खरेदी-विक्रीचे दोन्ही शॉर्टकट मुके होतात. कुणाला मराठीत संदेश लिहून तुम्ही चार्टवर परत येता, भाव घसरू लागतो, तुम्ही कळ दाबता आणि काहीच घडत नाही. शिवाय अनेक संगणकांवर डावी अल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली की भाषा बदलते, त्यामुळे अल्ट-शिफ्टने सुरू होणारा शॉर्टकट दाबता दाबताच कीबोर्ड मराठी होऊन बसण्याची शक्यता असते. एफ१ ते एफ१२ या कळांवर भाषेचा परिणाम होत नाही. म्हणून कापण्याची, रद्द करण्याची आणि निम्मी पोझिशन सोडण्याची अशा माझ्या तिन्ही महत्त्वाच्या कळा वरच्या ओळीत आहेत. लॅपटॉप वापरणाऱ्यांनी एवढे पाहून घ्यावे की त्या ओळीतून खरोखर एफच्या कळा जात आहेत. पुष्कळ लॅपटॉपवर तिथून मुळात आवाज आणि उजेड कमी-जास्त होतो आणि ही सवय सेटिंगमध्ये किंवा एफएन कळेने बदलावी लागते.

कळ कोणत्या खिडकीत पोहोचते आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. चार्ट पाहण्याच्या ट्रेडिंगव्ह्यू या ॲपमध्ये चार्ट निवडलेला असताना अक्षर दाबले की नाण्याचा शोध उघडतो आणि १५ लिहून एंटर दाबले की चार्ट पंधरा मिनिटांचा होतो. अल्ट-टीने भावाचा कल दाखवणारी रेषा, अल्ट-एचने आडवी रेषा आणि अल्ट-एने सूचना लावता येते. हे शॉर्टकट मनसोक्त वापरावेत, कारण चुकीच्या खिडकीत पडले तरी त्यांनी पैसा जात नाही. ऑर्डर पाठवणाऱ्या कळांचे तसे नाही. पडद्यावर चार नाण्यांचे चार चार्ट असतील तर कळ निवडलेल्या चार्टलाच लागू होते, आणि निवडलेला चार्ट दाखवणारी चौकट बहुधा इतकी फिकट असते की घाईत दिसतही नाही. ऑर्डर द्यायच्या पडद्यावर मी एकच नाणे ठेवतो आणि बाकीचे चार्ट दुसऱ्या पडद्यावर, ऑर्डरच्या कळा बंद करून.

संख्येच्या चौकटीत एकक कोणते आहे, तेही पाहावे. बिटकॉइन एक लाख डॉलरच्या आसपास असताना ०.०१ बिटकॉइन म्हणजे सुमारे १,००० डॉलर. चौकट बिटकॉइनची असताना डॉलर समजून १,००० लिहिले, तर तेवढे मार्जिन (सौद्यासाठी खात्यात ठेवावी लागणारी रक्कम) नसल्यामुळे ऑर्डर फेटाळली जाते आणि तुम्ही बचावता; पण ०.०१ ऐवजी ०.१ लिहिले, तर ती बिनबोभाट स्वीकारली जाते. शिलकीच्या २५, ५० आणि १०० टक्क्यांच्या कळाही मी लावत नाही, कारण दहापट लिव्हरेजवर, म्हणजे उधारीवर, १०० टक्क्यांची कळ म्हणजे खात्यातल्या एकूण रकमेच्या दहापट पोझिशन. त्याऐवजी ठरावीक संख्येच्या दोन कळा पुरतात.

भारतीय एक्स्चेंजवर प्रत्यक्ष नाणी घेणाऱ्यांसाठी करांचा हिशेबही याच बाजूने आहे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. चुकून घेतलेली ५०,००० रुपयांची नाणी लगेच विकली तरी सुमारे ५०० रुपये विवरणपत्र भरेपर्यंत अडकतात आणि झालेला तोटा मात्र कायमचा तुमचाच राहतो. खरेदीची कळ एक पायरी लांब असण्याची किंमत याच्यापुढे काहीच नाही.

कंट्रोल-व्हीबद्दल कुणी विचारत नाही, तरी सांगतो. पाकिटाचा पत्ता कॉपी केल्यावर तो गुपचूप बदलून चोराचा पत्ता ठेवणारे घातक प्रोग्राम कित्येक वर्षांपासून फिरत आहेत. पत्ता पेस्ट केल्यावर फक्त पहिली आणि शेवटची चार अक्षरे न पाहता मधला भागही ताडून पाहावा, आणि मोठी रक्कम पाठवण्याआधी लहान रक्कम पाठवून पोहोचल्याची खात्री करावी.

कळा लावून झाल्यावर त्या खऱ्या पैशांवर तपासू नयेत. बायनान्स आणि बायबिट यांच्या फ्युचर्ससाठी खोट्या पैशांनी सराव करण्याची सोय (टेस्टनेट किंवा डेमो) उपलब्ध आहे. तिथे पोझिशन घ्यावी आणि कापण्याची कळ मुद्दाम दोनदा दाबून पाहावी. मग ऑर्डरची कळ दाबून धरावी. काही ॲप धरून ठेवलेली कळ पुन्हा पुन्हा दाबल्याप्रमाणे मोजतात आणि एकाऐवजी अनेक ऑर्डर जातात. कीबोर्ड मराठी करून सगळ्या कळा पुन्हा दाबाव्यात. ॲपची नवी आवृत्ती आली की हीच तपासणी परत करावी, कारण आवृत्ती बदलताना ठरवलेल्या कळा मूळपदावर गेल्याचे आणि बंद केलेली सोय चालू झाल्याचे मी पाहिले आहे. एवढे झाल्यावर तुम्हाला यादी हवीच असेल, तर ती अशी आहे : एफ८ ने पूर्ण पोझिशन कापणे, एफ७ ने निम्मी कापणे, एफ१० ने उरलेल्या ऑर्डर रद्द करणे, आणि एफ१, एफ२ ने खरेदी-विक्रीची खिडकी फक्त उघडणे.